वापरलेली टर्बो गाडी, इंजिनाचं न संपणारं दुखणं आणि एक दोनशे पानी वही

गायमुखचा चढ लागला की आमच्या गाडीचा दम तुटायचा. तोही रोज नाही, हीच खरी पंचाईत. सकाळी ऐरोलीला ऑफिसला जाताना ती अशी पळायची की हिला काही झालंय असं कुणी म्हटलं तर खोटं वाटावं. आणि रविवारी वसईला सासरी निघालो, मागे दोन मुलं, डिकीत सामान, एसी चालू, घोडबंदर रोडवर पाऊण तास रांगत आलो, की नेमकं चढाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबूनही आरपीएम तीन हजाराच्या पुढे जायला तयार नाही. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा चेक लाइट पेटलेला. मागून डंपरवाला हॉर्नवर बसलेला. बायको गप्प, म्हणजे परिस्थिती गंभीर. गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, दोन मिनिटांनी चालू करायची. जणू काही झालंच नाही अशी पुन्हा पळायला लागायची.

हे चौदा महिने चाललं. चार गॅरेजं झाली. प्लग बदलले, प्लगना ठिणगीसाठी वीज देणाऱ्या चारही कॉइल बदलल्या, पेट्रोलचा पंप बदलला, थ्रॉटल बॉडी दोनदा साफ झाली, एक सेन्सर आला. सगळं मिळून ऐंशी हजाराच्या आसपास गेले. शेवटी दोष निघाला तो अडीच हजारांच्या एका होज पाइपात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. १.२ लिटरचं टर्बो (म्हणजे जास्त जोरासाठी हवा दाबून आत भरणारं) पेट्रोल इंजिन, सात वर्षं जुनी, एमएच ०४ पासिंग, मी दुसरा मालक. अशा गाड्या ठाण्यात आणि नवी मुंबईत भरपूर आहेत. पहिल्या मालकाने हौसेने घेतलेली, पाम बीच रोडवर मजा केलेली, वॉरंटी संपायच्या सुमारास विकलेली. किंमत मोहात पाडणारी असते, पण पार्टची किंमत मात्र नव्या गाडीचीच राहते. गाडी जुनी झाली म्हणून टर्बो स्वस्त होत नाही.

ज्यांच्या दारात अशी गाडी आधीच उभी आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय.

पहिलं काम: आकडा लिहून ठेवा

बॉनेट उघडायच्या आधी हे करा. आज आहे त्या अवस्थेत, दोषासकट, गाडी किती रुपयांना जाईल हे दोन-तीन ठिकाणी विचारा. समजा साडेतीन लाख आली. पुढच्या वर्षभरात इंजिनावर जास्तीत जास्त किती घालणार ते ठरवा. मी साधारण चौथा हिस्सा धरतो. तो आकडा एका वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. मनातल्या मनात ठरवलेला आकडा दर महिन्याला पाच हजारांनी सरकतो, स्वानुभव आहे. ‘आतापर्यंत एवढे घातलेत, आता थोड्यासाठी कशाला सोडायची’ हे वाक्य मी निदान तीनदा उच्चारलं. चौथ्यांदा उच्चारलं तेव्हा बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले, “गाडी आहे की घरजावई?”

सर्व्हिस, टायर, विमा हे या आकड्यात धरू नका. तो कुठल्याही गाडीचा खर्च आहे. इथे फक्त दुखण्याचा हिशेब.

वही

पहिल्या तीन गॅरेजांत काय घडलं ते आता मागे वळून पाहिलं की स्पष्ट दिसतं. प्रत्येक ठिकाणी मी ‘पिकअप जातो मधेच’ एवढंच सांगितलं. प्रत्येकाने नव्याने सुरुवात केली, नेहमीच्या अनुभवाने सगळ्यात शक्य वाटणारा पार्ट बदलला, वागळे इस्टेटच्या सपाट रस्त्यावर एक फेरी मारली आणि ‘ओके आहे साहेब’ म्हणून गाडी दिली. मेकॅनिक वाईट नव्हते. दुखण्याचा इतिहास कुणाकडेच नव्हता, आणि तो मालकाशिवाय दुसऱ्या कुणाकडे असूच शकत नाही.

म्हणून डॅशबोर्डच्या खणात एक वही आणि पेन. मोबाइलवरही चालेल, पण मेकॅनिकच्या हातात वही देता येते, मोबाइल देता येत नाही. दुखणं उठलं की त्याच दिवशी लिहायचं: तारीख, किलोमीटर, इंजिन चालू होऊन किती वेळ झाला होता, बाहेर ऊन की पाऊस, एसी चालू की बंद, गाडीत किती माणसं, कुठला गिअर, किती आरपीएम, चेक लाइट पेटला का, पेटला तर स्थिर की लुकलुकत होता, शेवटचं पेट्रोल कुठल्या पंपावर कधी भरलं. आणि नंतर काय केल्यावर ठीक झाली.

दुखणं नसलं तरी पेट्रोल, ऑइल आणि कूलंट जेवढं भराल ते लिहायचं.

माझ्या वहीत अकरा नोंदी झाल्या आणि मग एका रात्री नुसतं वाचून काढलं. अकराच्या अकरा वेळा इंजिन चाळीस मिनिटांहून जास्त चाललेलं होतं. अकराच्या अकरा वेळा चढ किंवा भरलेली गाडी होती. सकाळची एकही नोंद नाही. पावसाळ्यात फक्त एक, एप्रिल-मेमध्ये सहा. म्हणजे दोष गरम झाल्यावर आणि जोर पडल्यावरच तोंड वर काढतो. प्लग आणि पेट्रोल पंपावर घातलेले पैसे त्या रात्री मला वेगळ्याच उजेडात दिसले.

चेक लाइट वाचायला शिका

लाइट स्थिर पेटला तर घाई नाही. गाडी जपून घरी आणा. लाइट लुकलुकायला लागला तर पाय उचला आणि शक्य तितक्या लवकर थांबा. लुकलुकणं म्हणजे इंजिन जोरात मिस मारतंय (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट पेटत नाहीये), न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेतल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि तिथे जळून तो खराब करतंय. कॉइलचं काम कन्व्हर्टरवर नेऊ नका. ऑइल प्रेशरचा लाल दिवा किंवा तापमानाची लाल खूण दिसली तर मात्र ‘पुढच्या सिग्नलपर्यंत’ हा विचारही नको. जागेवर बंद.

ब्लूटूथचा ओबीडी ॲडॉप्टर हजाराच्या आसपास मिळतो. स्टिअरिंगखाली सॉकेट असतं, त्यात लावायचा, मोबाइलवर ॲप. गाडी ठीक करायला तो उपयोगी नाही, पण पुरावा गोळा करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड आला की स्क्रीनचा फोटो काढा, फ्रीझ फ्रेमचाही काढा. कोड नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, तापमान, इंजिनावरचा भार किती होता ते त्यात असतं. आणि फोटो काढण्याआधी कुणालाही कोड पुसू देऊ नका. गॅरेजात गाडी गेली की पहिल्या पाच मिनिटांत सवयीने कोड पुसले जातात, आणि त्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते.

कोड म्हणजे पार्टचं नाव असा एक मोठा गैरसमज आहे. ताप आला म्हणजे काय झालं हे जसं थर्मामीटर सांगत नाही, तसंच हे. पी०२९९ आला म्हणजे टर्बोचा दाब हवा तेवढा तयार झाला नाही, एवढंच. टर्बो गेला असं तो म्हणत नाही. मला मात्र दुसऱ्या गॅरेजने हाच कोड दाखवून टर्बोचं एक लाख दहा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं होतं. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. कारण फुटका पाइप, मळलेला हवेचा सेन्सर किंवा पेट्रोलचा कमी दाब, काहीही. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे अनुक्रमे पहिला ते चौथा सिलिंडर मिस मारतोय. पी०३०० म्हणजे कुठला ते निश्चित नाही. पी०१२८ बहुधा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) उघडाच राहिल्याचं लक्षण. पी००१६ आला तर मात्र चेष्टा नाही: पिस्टनशी जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा मेळ बसत नाहीये, टायमिंग चेन ताणली गेली असू शकते. तिकडे आधी बघायचं. चेन उडाली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि पहिल्या पानावरचा आकडा त्याच दिवशी संपतो.

ॲपमध्ये फ्युएल ट्रिम नावाचा आकडा दिसतो. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय ते तो सांगतो. लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास असावा, दहाच्या वर गेला की शोध घ्यायचा. इथे एक नवी गुंतागुंत आहे. आता पंपांवर मिळतं ते पेट्रोल इ२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, इ२०ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. जुन्या मापावर जुळवलेल्या गाडीत ट्रिम चार-पाच टक्क्यांनी वर दिसला तर तो दोष गाडीचा नसेल, पेट्रोलचा असेल. तोच बारा-पंधरा दिसला तर इथेनॉलच्या नावाने बिल फाडू नका.

स्वस्तातून महागाकडे, आणि एका वेळी एकच

हा सगळ्यात मोठा टप्पा. नियम दोन. फुकटची तपासणी आधी, मोजमापाची मग, पार्ट शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग निदान आठवडाभर चालवून वहीत लिहायचं. तीन पार्ट एकदम बदलले आणि गाडी ठीक झाली तर कशाने झाली ते कधीच कळत नाही. बिघडली तर त्याहून वाईट.

गाडी मिस मारत असेल तर फुकटची तपासणी ही: समजा पी०३०३ आलाय. इंजिन थंड असताना तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्याला आणि पहिल्याची तिसऱ्याला लावा, कोड पुसा, चालवा. आता पी०३०१ आला तर कॉइल दोषी, एकच बदला. कोड तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष. मग प्लगची अशीच अदलाबदल. तरीही तिसराच? मग इंजेक्टर किंवा आतलं काही. चारही कॉइल एकदम बदलायची मला जी घाई झाली होती तिची किंमत या पंधरा मिनिटांच्या कामापेक्षा फार जास्त होती. टर्बो इंजिनात प्लगचा नंबर आणि गॅप कंपनीने दिलेलाच हवा. ‘त्याच्यात बसतो’ म्हणून दिलेला प्लग सपाट रस्त्यावर चालतो आणि चढावर मिस मारतो.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारं डायरेक्ट इंजेक्शन असेल तर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन साचतो, कारण तिथून पेट्रोल जातच नाही, धुतलं काय जाणार? थंड इंजिन थरथरतं आणि गरम झालं की सुधारतं, हे त्याचं लक्षण. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी हा कार्बन जात नाही, त्या बाटलीतला थेंबही तिथे पोचत नाही. इनटेक मॅनिफोल्ड उतरवून हातानेच साफ करावा लागतो.

मिस मारणं थांबत नसेल तर इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन टेस्ट मागा. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि स्पार्क बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. चारही आकडे लिहून घ्या. एकमेकांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कमी आकडेवाल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर रिंगा झिजल्यात. जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट. ‘बोअर-पिस्टनचं काम आहे’ असं कुणी हे चार आकडे न दाखवता म्हणत असेल तर चहा पिऊन निघा.

आता आमचं दुखणं, पिकअप जाण्याचं. टर्बोपासून इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत हवा दाबाखाली जाते. या वाटेवर रबरी होज, क्लिपा, ओ-रिंगा असतात आणि सात वर्षांत रबर कडक होतं. आधी टॉर्च घेऊन सगळे जोड बघा. कुठे तेलकट धूळ जमलेली असेल तर तिथून हवा सुटते. मग स्मोक टेस्ट. यंत्राने पाइपात धूर सोडतात, गळती असेल तिथून तो बाहेर येतो. माझ्या गाडीची स्मोक टेस्ट तिसऱ्या गॅरेजात झाली आणि ती पास झाली! इथेच सगळे फसले. या यंत्राचा दाब अगदी कमी असतो आणि टेस्ट थंड गाडीवर केली होती. चौथ्या ठिकाणच्या उस्तादांनी वही वाचली, दोन प्रश्न विचारले आणि म्हणाले, गाडी घोडबंदरला फिरवून तापवून आणा. तापलेल्या गाडीची हवेची वाट एका टोकाला बंद करून त्यांनी रेग्युलेटर लावून मोजून हवा भरली आणि जोडांवर साबणाचं पाणी मारलं. इंटरकूलरच्या खालच्या होजला, बरोबर क्लिपेखाली, नखाएवढी चीर होती. थंड असताना मिटलेली, गरम रबराला दाब लागला की उघडणारी. बुडबुडे बघून मला हसावं की रडावं कळेना. हा प्रयोग घरी करू नका, जास्त दाब गेला तर सील जातात आणि सुटलेला पाइप तोंडावर येतो.

होज ठीक असतील तर टर्बोच्या वेस्टगेटची (दाब आवरणाऱ्या झडपेची) काडी, व्हॅक्यूमचे बारीक पाइप, दाबाचा सेन्सर. टर्बो सगळ्यात शेवटी. आणि टर्बो खरंच गेला असेल तर तो का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवू नका. ऑइल पोचवणारी नळी चोंदलेली असेल तर नवाही जातो.

ऑटोमॅटिक गाडीत झटका इंजिनाचा की गिअरबॉक्सचा, हे आधी वेगळं करा. आरपीएम वर जातोय पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. आरपीएमच खाली पडतोय किंवा हेलकावे खातोय, तर इंजिन.

ऑइल पिणं आणि तापणं

‘ऑइल पिते’ हे वाक्य वहीत चालत नाही. किती पिते? सपाट जागेवर, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा, वरच्या खुणेपर्यंत भरा, हजार किलोमीटरने पुन्हा त्याच जागी तसंच बघा आणि मापाच्या भांड्याने भरत वरच्या खुणेपर्यंत न्या. काही युरोपियन गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागणं सामान्य म्हटलेलं असतं. आमची तीनशे मिली पिते. होज बदलल्यावरही पिते. मी डिकीत एक लिटरचा डबा ठेवतो आणि दर दुसऱ्या रविवारी डिपस्टिक बघतो. रिंगा बदलायला येणाऱ्या खर्चात हे ऑइल कितीतरी वर्षं पुरेल. प्रत्येक दुखण्यावर ऑपरेशन करायचं नसतं. महिन्याकाठी माप वाढत गेलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत आत ओढणारी झडप) बघायचा, तो रिंगांपेक्षा खूप स्वस्त आहे.

रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू करताना निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील. जोर दिल्यावर आला तर रिंगा किंवा टर्बोची सील. पांढरा, गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर कूलंट जळतंय. जुलैच्या सकाळी निघणारी पांढरी वाफ मात्र निव्वळ वाफ असते. तसंच ऑइलच्या झाकणाखाली साचलेला पिवळट फेस. तो दिसला की हेड गॅसकेट उडालं म्हणून घाबरवलं जातं. पावसाळ्यात स्टेशनपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापतच नाही, आतला दमटपणा झाकणापाशी जमतो. एकदा पनवेलपर्यंत गाडी चालवून आणा आणि पुन्हा बघा. फेस गेला आणि कूलंटची पातळी तशीच असेल तर शांत झोपा.

गाडी कापूरबावडीच्या सिग्नलला तापते आणि ठाणे-बेलापूर रोडवर वेग घेतला की थंड होते? मग पंखा, त्याचा रिले किंवा सेन्सर. उलट असेल, म्हणजे वेगात तापते, तर रेडिएटर चोंदलाय, वॉटर पंप किंवा थर्मोस्टॅट. काटा वर जाऊ लागला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, काचा खाली, गाडी बाजूला. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी हात भाजून घेतो.

गॅरेज कसं ठरवायचं

‘किती लागतील’ हा पहिला प्रश्न विचारू नका. ‘दोष कसा शोधणार’ हा विचारा. उत्तरात टेस्टचं नाव आलं तर थांबा, थेट पार्टचं नाव आलं तर पुढचं गॅरेज बघा. शोधण्याच्या कामाचे वेगळे पैसे द्यायची तयारी ठेवा. आपण तासभर डोकं चालवायचे पाचशे रुपये द्यायला कुरकुरतो आणि पार्टचे पाच हजार मुकाट देतो, मग गॅरेजवाला पार्ट विकणार नाही तर काय करील?

बोलणं आधीच करून घ्या. एस्टिमेट लेखी. फोन केल्याशिवाय जास्तीचं काम नाही. जुना पार्ट परत. बिलावर पार्टचा नंबर. आणि ट्रायल दुखणं उठतं त्याच रस्त्यावर, मेकॅनिक शेजारी बसलेला. उस्तादांना मी रविवारी संध्याकाळी गायमुखला नेलं, एसी लावून, आणि मागच्या सीटवर त्यांची दोन पोरंही बसवली.

जुने पार्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतात. दरवाजा, दिवा, इनटेकचा प्लास्टिकचा डबा, अल्टरनेटरची बॉडी, खुशाल घ्या. वॉटर पंप, टायमिंगचं सामान, गॅसकेट, रबराचं काहीही, कॉइल, सेन्सर हे नवंच.

आपल्या रस्त्यांचा हिशेब

सर्व्हिस बुकातले दहा हजार किलोमीटर आपल्याकडे खरे नसतात. सरासरी पन्नासच्या वेगाने दहा हजार किलोमीटर म्हणजे दोनशे तास. घोडबंदरला मेट्रोचं काम आणि खड्डे सांभाळत अठराच्या सरासरीने तेवढंच अंतर गेलात तर साडेपाचशे तास. ऑइलला किलोमीटर कळत नाहीत, उष्णता आणि तास कळतात. मी पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल तेव्हा बदलतो, आणि ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तीच. घाट चढून किंवा एक्सप्रेसवेवरून जोरात आल्यावर गाडी लगेच बंद करत नाही, मिनिटभर चालू ठेवतो. टर्बोतलं ऑइल जागीच करपू नये म्हणून.

पावसाचं पाणी हा वेगळा विषय. वंदना टॉकीजपाशी तुंबतं तेव्हा पुढची बस गेली म्हणून आपली गाडी जाईल असं नाही; आपल्या इंजिनाची हवा ओढायची नळी कुठे आहे ते एकदा बॉनेट उघडून बघून ठेवा. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा नाकारलं जातं, म्हणून इंजिन प्रोटेक्टचं वाढीव कव्हर घ्या. जुनी गाडी नुकतीच घेतली असेल तर स्वतःच्या नुकसानीचा विमा नावावर करून घ्यायला चौदा दिवस असतात, तेही विसरू नका.

रिमॅपबद्दल, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलण्याबद्दल, एवढंच: दुखणं असलेल्या इंजिनावर रिमॅप म्हणजे ताप असलेल्या माणसाला मॅरेथॉनला पाठवणं. आधीच्या मालकाने तो केलाय का हे मात्र शोधा. बाहेरचा एअर फिल्टर, मोठा सायलेन्सर दिसला तर शंका घ्या आणि मूळ सॉफ्टवेअर परत टाकून घ्या, मगच बाकीची तपासणी.

गॅरेजने पैसे घेऊन काम केलंच नसेल, किंवा बिघडवून ठेवलं असेल, तर आधी लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. तिथे एस्टिमेट, बिलं, कोडचे फोटो आणि जुने पार्ट बोलतात. खाजगी माणसाकडून घेतलेल्या गाडीबद्दल मात्र हा मार्ग सहसा उपयोगाचा नाही, तो काही व्यापारी नसतो.

सोडायची कधी

पहिल्या पानावरचा आकडा संपला आणि दोषाचं नाव अजून कळलं नसेल तर विका. दोषाचं नाव कळलंय पण दुरुस्ती उरलेल्या आकड्यात बसत नाही, तरी विका. दोष कळलाय, बसतोय, पण रात्री घाटात जायची घरच्यांना भीती वाटते, तर तेही कारण पुरेसं आहे. विकताना दोष सांगूनच विका. चेक लाइटचा बल्ब काढून गाडी खपवणारे आहेत, आणि त्यांच्यातल्याच एकाकडून आपण घेतलेली असते. म्हणून गाडी बघायला गेलात तर चावी फिरवल्यावर सगळे दिवे आधी पेटून मग विझतात का ते बघा. न पेटणारा दिवाही दोषच. आरसी, कर्जाचा बोजा आणि चलनं परिवहनच्या साइटवर बघा, आणि गाडी थंड असतानाच दाखवा असं सांगा.

आमची अजून विकलेली नाही. गेल्या महिन्यात खारघरहून एक जण बघायला आला होता, तिशीतला, डोळ्यांत तीच चमक. मी आधी वही दिली. तो बोनेटवर वही ठेवून अर्धा तास वाचत बसला, मधेच विचारलं, “हे तीनशे मिली म्हणजे दर हजारला?” मी हो म्हटलं. गाडी नको म्हणाला. वहीच्या पानांचे फोटो मात्र काढून घेतले, त्याच्या दारातही तसलीच एक उभी होती म्हणे.